कीपर लीगचे नियम: खेळाडू ठेवायचा, पण कोणत्या किमतीला?

२०२३च्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) हंगामाचा पहिला आठवडा संपला, तेव्हा पुका नाकुआ हे नाव आमच्या फँटसी लीगमधल्या (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) बाराजणांपैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. रॅम्स या संघाने त्याला एनएफएल ड्राफ्टच्या (यात संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, एक फेरी म्हणजे एक राउंड) पाचव्या राउंडमध्ये, १७७व्या क्रमांकावर घेतलं होतं. आमच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. पहिल्या सामन्यात १० झेल, दुसऱ्यात १५, आणि हंगामाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड. नवोदित खेळाडूचे दोन्ही विक्रम त्याने मोडले. ज्याने त्याला वेव्हरवरून (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचललं होतं, त्यानेच जानेवारीत सुचवलं, "पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाने दोन खेळाडू ठेवूया का?"

मतदान झालं. ज्यांच्याकडे स्वस्तात हाती लागलेला हिरा होता, त्यांनी हो म्हटलं. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांनी नाही. कीपरची पद्धत, म्हणजे काही खेळाडू पुढच्या हंगामासाठीही संघात ठेवणं, चांगली की वाईट, यावर एकही वाक्य बोललं गेलं नाही, कारण प्रत्येकजण आपल्या रोस्टरकडे, म्हणजे संघाच्या यादीकडे, पाहून मत देत होता. कमिशनर म्हणून, म्हणजे लीग चालवणारा म्हणून, मी त्या दिवशी जे शिकलो, त्यावर हा सगळा लेख उभा आहे: नियम करायचा तो त्याचा फायदा कुणाला होणार हे कुणालाच माहीत नसताना. खाली जी कलमं सुचवली आहेत, ती याच कसोटीवर घासून घेतली आहेत.

पहिलं काम: कधीपासून आणि किती

कीपरचा नियम यंदाच्या ड्राफ्टच्या आधी जाहीर करा आणि पुढच्या हंगामापासून लागू करा. मधलं वर्ष वाया जातं असं वाटेल, पण तसं नाही. त्या वर्षीचा ड्राफ्टच वेगळा होतो. शेवटच्या राउंडमध्ये लोक किकरऐवजी तरुण रिसीव्हर (पास झेलणारा) घेतात, दुखापतीतून बरा होत असलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बाकावर बसवून ठेवतात. सगळ्यांना ही संधी सारखी मिळाली, तरच पुढच्या वर्षीचे कीपर न्याय्य ठरतात. हंगाम संपल्यावर आणलेला नियम मागच्या ड्राफ्टला लावला, की ज्याने तो ड्राफ्ट एका वर्षाचा समजून केला त्याच्यावर अन्याय होतो. याला अपवाद नको, सगळे तयार असले तरी नको.

किती खेळाडू ठेवायचे? साधा हिशोब करून पाहा. १२ संघ, प्रत्येकी २ कीपर, म्हणजे २४ खेळाडू ड्राफ्टच्या आधीच गेले. प्रत्येकी ३ म्हणजे ३६, म्हणजे संख्येने तीन पूर्ण राउंड. प्रत्येकी ५ म्हणजे ६० खेळाडू, आणि ड्राफ्टच्या दिवशी उरतो तो गाळ. एनएफएलमध्ये संघ ३२ आहेत. खात्रीने दर आठवड्याला मैदानात दिसणारे रनिंग बॅक त्याहूनही कमी. नव्या लीगने दोनपासून सुरुवात करावी आणि "ठेवलेच पाहिजेत" असं न लिहिता "जास्तीत जास्त दोन" असं लिहावं. ज्यांना सगळं रोस्टरच वर्षानुवर्षं सांभाळायचं आहे त्यांच्यासाठी डायनॅस्टी हा वेगळा खेळ आहे. तिथे मुख्य ड्राफ्ट नवोदितांचाच असतो आणि नियमही वेगळे लागतात. दोन्हींची खिचडी करू नका.

किंमत: सगळी लीग इथे घडते किंवा मोडते

खेळाडू ठेवण्याच्या बदल्यात काय द्यायचं, हा कीपर लीगचा खरा प्रश्न.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे काहीच न देणं. प्रत्येकजण आपले दोन उत्तम खेळाडू ठेवतो आणि पहिले दोन राउंड रद्द होतात. यात कौशल्याला वाव नाही. ज्याला पहिल्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला, तो त्याची फळं पुढची कितीतरी वर्षं खातो. मी ही पद्धत सुचवणार नाही.

सर्वांत प्रचलित पद्धत राउंडची. ज्या राउंडमध्ये खेळाडू घेतला, त्याच्या एक किंवा दोन राउंड आधीची निवड देऊन तो ठेवायचा. दहाव्या राउंडचा खेळाडू दोन राउंडच्या दंडाने आठव्याला पडतो, पुढच्या वर्षी सहाव्याला. ऐकायला छान वाटतं, पण यात एक गोम आहे. राउंडांमधलं अंतर सारखं नसतं. पहिल्या आणि तिसऱ्या राउंडच्या खेळाडूंत जमीन-अस्मानाचा फरक. बाराव्या आणि चौदाव्यात जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे हाच दंड वरच्या खेळाडूला जबर बसतो आणि तळातून सापडलेल्याला जाणवतही नाही. १६ राउंडांचा ड्राफ्ट असेल आणि न निवडलेला खेळाडू शेवटच्या राउंडचा धरला, तर नाकुआसारखा खेळाडू १४, १२, १० अशा किमतीत तीन वर्षं एकाच घरात राहतो. बाकीचे अकराजण त्याला मिळवण्यासाठी काहीही करू शकत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी त्यातले दोघं-तिघं लीग सोडून जातात.

याला तीन उतारे आहेत. एक, न निवडलेल्या खेळाडूची किंमत शेवटचा राउंड न धरता मधला, म्हणजे आठवा किंवा नववा धरायची. दोन, दंड दरवर्षी वाढवायचा: पहिल्या वर्षी दोन राउंड, दुसऱ्या वर्षी आणखी चार. तिसरा मला सगळ्यांत आवडतो, तो म्हणजे सरासरीचा. खेळाडूची आधीची किंमत आणि यंदाच्या बाजारातला त्याचा राउंड, यांची सरासरी काढायची. अर्धा राउंड आला तर महागाच्या बाजूला न्यायचा.

उदाहरणाने पाहू. खेळाडू न निवडलेला, म्हणून आधीची किंमत १६. यंदा इतर लीगांमध्ये तो दुसऱ्या राउंडला जातोय. १६ आणि २ यांची सरासरी ९, म्हणून नवव्या राउंडची निवड द्यायची. पुढच्या वर्षी तो पहिल्या राउंडचा झाला, तर ९ आणि १ यांची सरासरी ५. त्यापुढे ५ आणि १ यांची ३. पहिल्या वर्षी शोधणाऱ्याला मोठं बक्षीस मिळतं, मग ते दरवर्षी आटत जातं आणि खेळाडू आपोआप बाजारभावाकडे सरकतो. वर्षांची मर्यादा घालावीच लागत नाही.

या पद्धतीत एकच गोष्ट काटेकोर हवी: "बाजार" म्हणजे काय. ईएसपीएन, याहू, स्लीपर या संकेतस्थळांपैकी तुमची लीग जिथे चालते तिथली सरासरी ड्राफ्ट क्रमवारी घ्या, ती कोणत्या तारखेला किती वाजता वाचायची हे नियमात लिहा, आणि त्या क्षणाचा स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवा. क्रमवारी रोज हलते. तारीख लिहिली नाही, तर नेमका एका राउंडच्या सीमेवरचा खेळाडू भांडण लावतो.

पहिल्या राउंडच्या खेळाडूंचं काय? राउंड-दंडाच्या पद्धतीत त्यांच्या आधीचा राउंडच नसतो, म्हणून त्यांना ठेवता येणार नाही असं स्पष्ट लिहा. दोन राउंडचा दंड असेल तर दुसऱ्या राउंडलाही हेच लागू. मला हे योग्य वाटतं, कारण दरवर्षी सगळ्यांत वरचे खेळाडू बाजारात परत आले पाहिजेत. ड्राफ्टच्या दिवसाची मजा त्यांच्यामुळेच असते.

ऑक्शन लीग असेल तर

ऑक्शन म्हणजे पाळीऐवजी बोली लावून खेळाडू घेणं. २०० डॉलरचं बजेट हे त्याचं रुळलेलं प्रमाण. तिथे कीपरची किंमत म्हणजे मागच्या वर्षीची बोली अधिक काही रक्कम. अनेकजण ५ डॉलर वाढवतात. माझ्या मते ते फार कमी आहेत. १ डॉलरला घेतलेला खेळाडू ६, ११, १६ असा चढतो. तो खरोखर ६० डॉलरच्या लायकीचा असेल तर तिसऱ्या वर्षीही ४४ डॉलरची सूट मिळते. १० डॉलर वाढवले तर ११, २१, ३१. हे ठीक. वेव्हरवरून आलेल्यासाठी मूळ किंमत किमान १० डॉलर धरा, किंवा हंगामात त्याच्यावर लागलेली बोली, यांतलं जे जास्त असेल ते.

इथे एक परिणाम नव्या कमिशनरच्या लक्षात येत नाही. बारा संघांकडे मिळून २,४०० डॉलर असतात. समजा ठेवलेल्या २४ खेळाडूंचं बाजारमूल्य ७०० डॉलर आहे, पण ते २७५ डॉलरमध्ये ठेवले गेले. मग लोकांच्या खिशात उरले २,१२५ डॉलर आणि बाजारात माल उरला १,७०० डॉलरचा. म्हणजे प्रत्येक गोष्ट २५ टक्के महाग. ४० डॉलरचा रनिंग बॅक ५० ला जाणार. ज्याच्याकडे स्वस्त कीपर नाहीत, त्याला या महागाईची सगळ्यांत जास्त झळ बसते. कीपर जाहीर झाल्यावर हा आकडा काढून सगळ्यांना सांगा. हिशोब जमणाऱ्या दोघांनाच तो माहीत असणं बरोबर नाही.

किती वर्षं

सरासरीची पद्धत घेतली नसेल, तर मर्यादा हवीच. दोन हंगाम ठेवता येईल, म्हणजे ड्राफ्टचं वर्ष धरून एकूण तीन. त्यानंतर खेळाडू सक्तीने ड्राफ्टमध्ये परत. वर्षांची मोजणी खेळाडूवर चालते, मालकावर नाही; ट्रेड (दोन संघांमधली अदलाबदल) झाला तरी घड्याळ थांबत नाही. हे एक वाक्य विसरलात, तर दोन मित्र एकमेकांना खेळाडू देऊन-घेऊन घड्याळ कायमचं शून्यावर ठेवतील, आणि नियमात तसं कुठे मना केलंय असं विचारतील. त्यांचं म्हणणं बरोबरही असेल.

पळवाटा आधीच बुजवा

दुसरी मोठी पळवाट सोडलेल्या खेळाडूची. सेक्वॉन बार्कली २०२० मध्ये अगदी वरच्या निवडीला जात होता. दुसऱ्याच आठवड्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. समजा कुणी त्याला सोडून दिलं, दुसऱ्याने डिसेंबरमध्ये उचललं, आणि वेव्हरच्या खेळाडूची किंमत नववा राउंड आहे. म्हणजे पहिल्या राउंडचा खेळाडू नवव्याला मिळाला. दोघं संगनमताने हे करू शकतात. एकटा माणूससुद्धा आपलाच खेळाडू सोडून दोन दिवसांनी पुन्हा घेऊ शकतो. नियम असा लिहा: त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्या खेळाडूची किंमत त्याचा ड्राफ्ट-राउंडच राहील, तो कितीही वेळा सोडला आणि उचलला गेला तरी. वेव्हरची ठरावीक किंमत फक्त ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्यांना.

ट्रेडमध्ये किंमतही खेळाडूबरोबर जाते. कूपर कपने २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तो हंगामाआधी मधल्या राउंडांमध्ये मिळत होता. तसा खेळाडू ऑक्टोबरमध्ये विकायला निघतो तेव्हा विकत घेणारा यंदाच्या गुणांसाठीही मोजतो आणि पुढच्या वर्षीच्या सवलतीसाठीही. कीपर लीगमधले ट्रेड म्हणूनच जास्त चविष्ट असतात. तळाचा संघ आज उपयोगी पडणारा तारा देतो आणि उद्याचा स्वस्त तरुण घेतो. पाहणाऱ्याला असा सौदा एकतर्फी वाटतो, पण तो असतोच असं नाही. त्यामुळे ट्रेड रद्द करण्यासाठी व्हेटो मतदान ठेवू नका. संगनमत दिसलं तरच कमिशनरने हात घालावा.

पुढच्या वर्षीच्या निवडी ट्रेडमध्ये देऊ द्यायच्या असतील, तर ज्याने दिल्या त्याची पुढच्या हंगामाची प्रवेश-फी त्याच दिवशी जमा करून घ्या. नाहीतर एखादा पुढचे सगळे वरचे राउंड विकून यंदा जिंकतो आणि मग लीग सोडतो. त्याच्या जागी येणाऱ्याला रिकामं घर मिळतं. आमच्याकडे हे एकदा घडलं, आणि नवा माणूस मिळवायला मला दोन महिने लागले.

शेवटचं: प्लेऑफ सुरू झाले, की बाहेर पडलेल्या संघांचं वेव्हर बंद. १५व्या ते १७व्या आठवड्यात त्यांना पुढच्या वर्षासाठी माल गोळा करू देऊ नका. ज्या संघाला त्या आठवड्यात खरोखर बदली खेळाडू लागतो, त्याच्या तोंडचा घास जातो.

दोन कीपर, एकच राउंड

हा प्रसंग पहिल्याच वर्षी येतो. दोन्ही खेळाडूंची किंमत नववा राउंड, निवड मात्र एकच. एक नवव्याला, दुसरा आठव्याला. म्हणजे नेहमी महागाच्या दिशेने सरकायचं. आठवी निवड ट्रेडमध्ये गेली असेल, तर सातवी. वर एकही निवड शिल्लक नसेल, तर दोघांपैकी एकच ठेवता येईल. स्वस्ताच्या दिशेने सरकण्याची मुभा दिली, तर लोक मुद्दाम आपली नववी निवड विकून टाकतील.

तारखा

एनएफएलमध्ये मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) उघडते, एप्रिलअखेर ड्राफ्ट होतो, ऑगस्टमध्ये सराव-सामने, सप्टेंबरच्या सुरुवातीला हंगाम. मार्चमध्ये कीपर मागणं चूक. रनिंग बॅकच्या संघाने एप्रिलमध्ये दुसरा रनिंग बॅक घेतला, की सगळं गणित फिरतं. माझी शिफारस: ड्राफ्ट हंगामाच्या आधीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, आणि कीपरची मुदत त्याच्या तीन दिवस आधी. ड्राफ्टचा क्रम त्याहीआधी काढा, म्हणजे आपली निवड राउंडच्या सुरुवातीला आहे की शेवटी, हे पाहून प्रत्येकाला ठरवता येईल.

नावं बंद पाकिटासारखी यावीत. सगळे कमिशनरला पाठवतील, कमिशनर आपली नावं आधीच दुसऱ्या एका सदस्याकडे देईल, आणि मुदत संपल्यावर सगळी यादी एकदम उघड होईल. मी ही काळजी दरवर्षी घेतो. माझ्यावर कुणी संशय घेतलेला नाही, आणि तशी वेळ येऊही नये.

मुदतीनंतर काही घडलं तर? २४ ऑगस्ट २०१९ रोजी अँड्र्यू लक निवृत्त झाला, सगळ्या जगाला अनपेक्षितपणे. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रॅव्हिस एटियन आणि जे. के. डॉबिन्स हे दोघेही सराव-सामन्यांत जखमी होऊन पूर्ण हंगामाला मुकले. अशा वेळी मालकाला तो कीपर मागे घेऊ द्या आणि त्याची निवड त्याला परत द्या. बदली कीपर मात्र नको, कारण आता इतरांची यादी त्याने पाहिलेली आहे. आणि ही सवलत फक्त निवृत्ती, पूर्ण हंगामाची बंदी किंवा पूर्ण हंगाम घालवणारी दुखापत यांनाच. "सराव चुकवला" एवढ्यावर कुणी मागे फिरू नये.

हंगाम सुरू झाल्यावर मात्र जो धोका तो मालकाचा. लेव्हिऑन बेलने २०१८ चा संपूर्ण हंगाम करारावरून बसून काढला. क्रिस्टियन मॅकॅफ्री २०२४ मध्ये बहुतेक ड्राफ्टांत पहिला गेला आणि चारच सामने खेळला. त्या वर्षाची मोजणी चालूच राहते. कॅल्विन रिडलीला मार्च २०२२ मध्ये किमान पूर्ण हंगामाची बंदी लागली आणि वर्षभराने तो परत आला. अशा खेळाडूला वर्षभर सांभाळायचं तर रोस्टरची एक जागा त्याच्यासाठी अडवावी लागेल. संयम दाखवणाऱ्याला पुढे फायदा व्हावा, पण फुकट नव्हे.

क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास फेकणाऱ्याबद्दल, थोडं. एकच क्वार्टरबॅक खेळवणाऱ्या लीगमध्ये वेगळा नियम नको. २०१८ मध्ये पॅट्रिक माहोम्सने ५० टचडाउन पास फेकले आणि तो मधल्या-उशिराच्या राउंडांत मिळालेला होता; तरी तिथे क्वार्टरबॅक मुबलक असल्याने लीग कोलमडत नाही. सुपरफ्लेक्समध्ये (जिथे दोन क्वार्टरबॅक खेळवता येतात) मात्र दोन स्वस्त क्वार्टरबॅक एका हाती आले, की तो संघ हरणं कठीण. तिथे प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक ठेवू द्या.

तळाच्या संघांना हरण्याचं कारण देऊ नका

मागच्या वर्षीच्या उलट क्रमाने ड्राफ्ट केला, तर नोव्हेंबरनंतर काहीजण मुद्दाम हरतात. कीपर लीगमध्ये हे जास्त बोचतं, कारण त्यांना पुढच्या वर्षाचं दिसत असतं. आम्ही प्लेऑफबाहेरच्या सहा संघांची स्वतंत्र स्पर्धा घेतो. ती जिंकणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये आपला क्रमांक निवडण्याचा पहिला हक्क. डिसेंबरमध्येही सगळे आपली टीम लावतात.

नोंदवही

हे सगळं एका पानावर लिहा आणि ड्राफ्टच्या आधी बाराजणांकडून होकार घ्या. बदल करायचा तर आठ मतं, आणि बदल पुढच्या ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूंनाच लागू. आधीपासून रोस्टरवर असलेल्यांची किंमत जुन्याच नियमाने. गुणपद्धत बदलली, म्हणजे झेलाला पूर्ण गुण देऊ लागलात, तर तोही किमतीतलाच बदल समजा, कारण रिसीव्हरांचं मोल त्याने एका रात्रीत वाढतं.

त्याशिवाय एक तक्ता ठेवा, सगळ्यांना दिसेल असा. खेळाडू, कोणत्या राउंडला कुणी घेतला, आता कुणाकडे आहे, कितवं वर्ष, पुढच्या वर्षीची किंमत. ट्रेड झाला की त्याच दिवशी भरायचा. अनेक संकेतस्थळं कीपर निवडण्याची सोय देतात, पण तुमची खास किंमत, सरासरी, सरकवलेला राउंड हे त्यांना कळत नाही. हंगामाच्या मध्यावर एकदा तो तक्ता सगळ्यांना पाठवा आणि चूक असेल तर आठवडाभरात सांगा म्हणा. ऑक्टोबरमध्ये सापडलेली चूक दोन मिनिटांत सुटते. ऑगस्टमध्ये सापडली, तर तोवर कुणीतरी तिच्या भरवशावर ट्रेड करून बसलेला असतो.